उमेदवारास जाणारा संदेश

नोकरीसाठी अर्ज केलेल्या उमेदवाराच्या हाती पोस्टमनने मुलाखतपत्र आणून द्यावे, हा प्रघात आता जवळजवळ मागे पडला आहे. शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा, सहकारी संस्था, बँका, कारखाने आणि खासगी कंपन्या या सर्वांनी ई-मेल, एसएमएस, व्हॉट्सॲप आणि संकेतस्थळ ही साधने स्वीकारली आहेत. त्यामुळे वेळ वाचला, टपालखर्च वाचला आणि पत्र वाटेत गहाळ झाल्याची जुनी तक्रारही पुष्कळ कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबरच एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. संदेश वेळेवर येतो, पण त्यात नाव दुसऱ्याचे असते. तारीख असते, पण वार जुळत नाही. मुलाखतीचे गाव असते, पण जिल्हा नसतो. कधी नावाच्या जागी नुसता रिकामा कंस असतो, तर कधी निवड न झालेल्या उमेदवारास अभिनंदनाचे पत्र जाते.

या चुका अज्ञानातून होत नाहीत. पाठविणाऱ्यास भाषा येते, नियम ठाऊक असतात आणि यंत्रही नीट चालत असते. पाठविण्यापूर्वी तो संदेश उमेदवाराच्या नजरेने कोणी वाचलेला नसतो, एवढेच घडते.

अशा चुकीची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. गडचिरोलीहून मुंबई नऊशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. भामरागडसारख्या तालुक्यातून निघणाऱ्या उमेदवारास आधी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते, तेथून नागपूर आणि मग पुढचा प्रवास. जाण्यायेण्यात तीन-चार दिवस मोडतात, तितक्या दिवसांची मजुरी बुडते आणि भाड्यासाठी बहुधा उसनवारी केलेली असते. तारीख चुकली तर पाठविणारे कार्यालय दिलगिरीची एक ओळ लिहून मोकळे होते. उमेदवाराचा मात्र खर्चही जातो आणि पुष्कळदा वयोमर्यादेतील शेवटची संधीही जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाची गट क व गट ड पदांसाठीची लेखी परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलावी लागली. प्रवेशपत्रे आणि परीक्षाकेंद्रे यांविषयी तक्रारी आलेल्याच होत्या. पुढे ढकलल्याचा निरोप निघाला तेव्हा अनेक उमेदवार परीक्षेच्या गावी पोचले होते किंवा प्रवासात होते.

एक मसुदा, हजार पत्ते

जुन्या पद्धतीत एक पत्र किती हातांतून जात असे, हे ज्येष्ठ कर्मचाऱ्यांस स्मरत असेल. लिपिकाने मसुदा तयार करावयाचा, टंकलेखकाने तो टंकित करावयाचा, मूळ प्रतीशी तो ताडून पाहावयाचा, अधिकाऱ्याने वाचून स्वाक्षरी करावयाची आणि जावक लिपिकाने क्रमांक टाकताना पाकिटावरील पत्ता आतील पत्त्याशी जुळतो की नाही, हे पाहावयाचे. या पद्धतीत विलंब होई, आणि त्याविषयीच्या तक्रारी योग्यच होत्या. तथापि त्या विलंबातच चार वेळा तपासणी होऊन जात असे. आज मसुदा, टंकन, तपासणी, स्वाक्षरी आणि रवानगी ही पाचही कामे एकच व्यक्ती करते आणि शेवटची कळ दाबली की संदेश क्षणार्धात हजारो ठिकाणी पोचतो. कामे वाचली त्याबरोबर तपासणारे डोळेही गेले, आणि त्यांची जागा कोणी घ्यावयाची हे बहुतेक कार्यालयांत ठरविले गेलेले नाही.

एकाच वेळी अनेकांस जाणारे असे संदेश दोन गोष्टींपासून बनतात. एक म्हणजे सर्वांसाठी समान असलेला मसुदा, आणि दुसरी म्हणजे उमेदवारांची नावे, अर्ज क्रमांक, तारखा इत्यादी रकान्यांची यादी. मसुद्यात ज्या ठिकाणी नाव यावयाचे तेथे खूण केलेली असते आणि संगणक त्या खुणेच्या जागी यादीतील नाव भरतो. यादीतील रकान्याचे नाव आणि मसुद्यातील खूण यांत एका अक्षराचाही फरक पडला, तर संगणक मुकाट्याने ती जागा रिकामी ठेवतो किंवा खूण तशीच पाठवून देतो. ‘प्रिय उमेदवाराचे नाव’ अशा संबोधनाने सुरू होणारे हास्यास्पद संदेश असे जन्मास येतात. त्यात विनोद आहे खरा, परंतु ज्यास ते पत्र येते त्यास हसू येत नाही.

याहून गंभीर चूक यादी लावताना होते. अधिकारी गुणानुक्रमे यादी लावावयास सांगतो. कर्मचारी गुणांचा एकच रकाना निवडून तो उतरत्या क्रमाने लावतो. गुण सरकतात, नावे मात्र जागच्या जागी राहतात, आणि प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचे गुण येतात. यादी दिसावयास नेटकी दिसते, कारण नावेही खरी असतात आणि गुणही खरे असतात. अंकांच्या बाबतीतही असेच होते. शून्याने सुरू होणारा अर्ज क्रमांक रकान्यात संख्या म्हणून भरला, तर आरंभीची शून्ये गळून पडतात. आकडेमोडीसाठी सर्वत्र वापरला जाणारा एक्सेल हा कार्यक्रम संख्येचे पंधराच अंक नेमके जपतो. सोळा अंकी नोंदणी क्रमांक त्यात भरल्यास शेवटच्या अंकाचे शून्य होते. मग उमेदवार संकेतस्थळावर तो क्रमांक टाकतो आणि ‘असा अर्ज आढळत नाही’ हे उत्तर वाचून हबकतो. असे रकाने प्रारंभीच ‘मजकूर’ या प्रकारचे ठरवून घेतले, म्हणजे हा दोष उद्भवत नाही.

नावाचा प्रश्न

महाराष्ट्रात नाव तीन पदरी असते. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव. गुणपत्रिकेवर पुष्कळदा आडनाव आधी येते, तर इतर कागदपत्रांवर ते शेवटी असते. बाहेरदेशी तयार झालेल्या संगणकीय अर्जात मात्र ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ असे दोनच रकाने असतात. उमेदवार गुणपत्रिका समोर ठेवून अर्ज भरतो, आडनाव पहिल्या रकान्यात लिहितो आणि कंपनीचा संदेश ‘प्रिय जाधव’ असा येतो. एवढ्यापुरते हे चालून जाते. परंतु प्रवेशपत्रावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांची तुलना दारावरचा पर्यवेक्षक करतो, तेव्हा तो प्रश्न गमतीचा राहत नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या महिला उमेदवारांस याचा त्रास विशेष होतो.

मराठी संदेशात आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या व्याकरणातून येते. किरण, शीतल, कमल ही नावे पुरुषांचीही असतात आणि स्त्रियांचीही. ‘आपण पात्र ठरला आहात’ असे लिहावे की ‘ठरल्या आहात’ असे लिहावे, हे नावावरून कळत नाही. मसुदा करणारा आपल्या सोयीने एक रूप घेतो आणि निम्म्या उमेदवारांस चुकीचे संबोधन जाते. यावर उपाय भाषेतच आहे. ‘आपली निवड झाली आहे’, ‘आपण उपस्थित राहावे’, ‘आपला अर्ज प्राप्त झाला’ या रचनांत लिंगाचा प्रश्नच येत नाही. ‘श्री./श्रीमती’ अशी तिरकी रेघ ठेवून दोन्ही संबोधने छापण्यापेक्षा सरळ पूर्ण नाव लिहिणे अधिक सभ्यपणाचे दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तारीख, वेळ आणि गाव

‘०५/०६/२०२५’ हा दिनांक आपण ५ जून असा वाचतो. अनेक संगणकीय कार्यक्रम अमेरिकेत तयार झालेले असल्याने आणि तेथे महिना आधी लिहिण्याची रीत असल्याने यंत्र तोच दिनांक ६ मे असा वाचू शकते. दिवसाचा अंक बारापेक्षा मोठा असला, तर तेरावा महिना नसल्यामुळे चूक उघडकीस येते. तो बारा किंवा त्याहून लहान असला, तर चूक लपून राहते. हिशेब केला तर वर्षातील १३२ दिनांक असे आहेत की जे दोन्ही प्रकारे वाचता येतात आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा निघतो. म्हणून महिना अक्षरांत लिहावा आणि सोबत वार लिहावा. ‘गुरुवार, दि. ५ जून २०२५’ असे लिहिले असता वार हा दिनांकाचा साक्षीदार होतो, कारण ६ मे रोजी मंगळवार होता. दोन्ही जुळले नाहीत तर निदान उमेदवारास शंका येते आणि तो विचारणा करतो.

वेळेच्या बाबतीत बाराच्या ठोक्याची अडचण प्रसिद्ध आहे. इंग्रजी पद्धतीने लिहिलेले बारा दुपारचे की मध्यरात्रीचे, याविषयी सुशिक्षितांचाही गोंधळ होतो. मराठीत ‘दुपारी १२ वाजता’ म्हटले की काम संपते. परदेशी कंपन्यांच्या दूरस्थ मुलाखतींत मात्र नवा घोळ आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. पाठविणाऱ्याने भारतीय वेळ लिहिली नाही, तर पुण्याचा उमेदवार एक तास उशिरा संगणकासमोर बसतो आणि तो वक्तशीर नाही अशी त्याची नोंद होते.

स्थळाविषयीची चूक मात्र अगदी आपल्या घरची आहे. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुण्यात आहे, रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आणि वाशीम जिल्ह्यात, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये, आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात. मुंबईत बसून मसुदा करणाऱ्यास आपल्या मनातील मालेगाव एकच वाटते. वाशीमच्या उमेदवारास दुसरे माहीत असते. त्यातच औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये आणि अहमदनगरचे अहिल्यानगर हे नाव २०२४ मध्ये जिल्ह्यास लागू झाले. जुन्या मसुद्यात जुनी नावे आणि नव्या यादीत नवी नावे, असा प्रकार एकाच संदेशात पाहावयास मिळतो. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारातही आहे, ही गोष्ट रेल्वेचे तिकीट काढताना आठवावी लागते. इमारतीचे नाव, रस्ता, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड ही सहा माहिती एका ओळीत मावतात. बसस्थानकापासून कसे यावे हेही लिहिले तर उत्तमच, पण निदान ही सहा तरी असावीत.

सत्तर चिन्हांची मर्यादा

एसएमएस मराठीत लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक तांत्रिक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात. देवनागरीत मात्र ७०च मावतात. शिवाय आपण ज्यास एक अक्षर म्हणतो, ते यंत्राच्या दृष्टीने एक चिन्ह नसते. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील पाय मोडण्याची खूण यांची स्वतंत्र गणना होते. ‘क्षीरसागर’ हे आडनाव आपल्यास पाच अक्षरांचे वाटते, परंतु यंत्र त्याची नऊ चिन्हे मोजते.

आता कार्यालयीन शैलीचा नेहमीचा प्रारंभ घेऊ. ‘आपणांस कळविण्यात येते की, आपण केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने’ एवढ्या शब्दांची ५८ चिन्हे होतात. सत्तरांपैकी बारा उरली आणि अद्याप काहीच सांगून झालेले नाही. मजकूर सत्तरांपलीकडे गेला की त्याचे तुकडे होतात आणि जोडसंदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हेच मावतात. बहुतेक नवे फोन हे तुकडे जोडून दाखवितात. परंतु एखादा तुकडा उशिरा आला किंवा साध्या फोनवर ते सुटे दिसले, तर उमेदवाराच्या हाती ‘अनुषंगाने’ उरते आणि मुलाखतीचे ठिकाण अंतराळात राहते. उलट, ‘मुलाखत गुरुवार ५ जून सकाळी ११ जिल्हा परिषद सभागृह वाशीम’ हा संपूर्ण मजकूर ५५ चिन्हांत बसतो. सविस्तर पत्र ई-मेलने जाऊ द्यावे, एसएमएसमध्ये केवळ केव्हा, किती वाजता आणि कोठे हे असावे.

लिपीच्या संदर्भात दुसरा दोष जुन्या टंकांचा आहे. युनिकोडपूर्वी तयार झालेल्या फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर त्या कार्यालयाच्या संगणकावर सुरेख मराठी दिसतो. तो तसाच उचलून ई-मेलमध्ये चिकटविला, की उमेदवाराच्या फोनवर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची भेळ होते. पाठविणाऱ्यास हा दोष आपल्या पडद्यावर कधीच दिसणार नाही, हे यातील विशेष. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि तो एकदा एखाद्या साध्या फोनवर उघडून पाहावा.

सर्वांचे पत्ते सर्वांना

ई-मेलमध्ये पत्ते लिहिण्याच्या तीन जागा असतात. पहिल्या दोन जागी लिहिलेले पत्ते प्रत्येक प्राप्तकर्त्यास दिसतात. तिसऱ्या, म्हणजे गुप्त प्रतीच्या जागी लिहिलेले इतरांस दिसत नाहीत. घाईत तीनशे उमेदवारांचे पत्ते पहिल्याच जागी चिकटविले जातात आणि प्रत्येक उमेदवारास उरलेल्या दोनशे नव्याण्णव जणांची नावे कळतात. ज्याने आपल्या सध्याच्या मालकास न सांगता अर्ज केला असेल, त्याची स्थिती काय होईल याची कल्पना करावी.

ही चूक किती गंभीर ठरू शकते याचे एक उदाहरण ब्रिटनमधील आहे. ते नोकरभरतीचे नाही, पण चूक तीच आहे. अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजांना साहाय्य केलेल्या आणि तालिबानच्या भीतीने स्थलांतरासाठी अर्ज केलेल्या लोकांस त्या देशाच्या संरक्षण मंत्रालयाने २० सप्टेंबर २०२१ रोजी एक ई-मेल पाठविला. २४५ जणांचे पत्ते उघड जागी लिहिले गेले होते. ते शत्रूच्या हाती पडले असते तर त्या लोकांच्या जिवावर बेतले असते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी या मंत्रालयास साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. पत्ते लिहिण्याची जागा चुकली, एवढाच तो अपराध होता.

आपल्याकडे ही चूक व्हॉट्सॲपवर अधिक होते. उमेदवारांचा गट तयार केला जातो आणि साध्या गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतर सर्वांस दिसतो. महिला उमेदवारांस अनोळखी क्रमांकांवरून संदेश येऊ लागतात, तेव्हा त्यांच्या घरचे लोक नोकरीचा विचारच सोडून द्यावयास सांगतात. गटाऐवजी प्रसारणयादी वापरावी असे कोणी सुचवील. तीत क्रमांक उघड होत नाहीत हे खरे, परंतु ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठविलेला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. उरलेल्यांस काही आले नाही, हे पाठविणाऱ्यास समजतही नाही. निवड यादीसोबत जात प्रवर्ग, दिव्यांगत्व, जन्मतारीख आणि दूरध्वनी क्रमांक असलेली संपूर्ण फाईल जोडून पाठविणे हाही याच जातीचा निष्काळजीपणा होय. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला आहे आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. उमेदवाराने अर्जात दिलेली माहिती ही त्याची असते, आपणांस ती एका कामापुरती मिळालेली असते, ही दृष्टी आता कायद्यानेही स्वीकारली आहे.

निवडीचा चुकीचा निरोप

एप्रिल २०१२ मध्ये अविवा इन्व्हेस्टर्स या ब्रिटिश वित्तसंस्थेच्या सुमारे तेराशे कर्मचाऱ्यांस एक ई-मेल आला. नोकरी सोडून जाताना कंपनीचे सामान परत करावे, गोपनीयता पाळावी, अशा सूचना त्यात होत्या. तो एकाच कर्मचाऱ्यासाठी होता, पण पत्त्याच्या जागी सर्वांची यादी निवडली गेली होती. थोड्याच वेळात क्षमायाचना आली. उलट प्रकारचा अनुभव विद्यापीठांचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने मार्च २००९ मध्ये प्रवेश नाकारलेल्या सुमारे अठ्ठावीस हजार विद्यार्थ्यांस प्रवेश मिळाल्याचे अभिनंदन कळविले. कार्नेगी मेलन विद्यापीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुमारे आठशे अर्जदारांस असाच निरोप दिला आणि काही तासांनी तो मागे घेतला. या सर्व ठिकाणी उत्तम संगणकतज्ज्ञ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोष यंत्रज्ञानाच्या अभावाचा नव्हे हे स्पष्ट होईल.

असा निरोप कायद्याने बांधून ठेवतो काय, असा प्रश्न अनेक जण विचारतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २२ प्रमाणे केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीविषयी चूक झाली, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अमान्य ठरत नाही. म्हणजे खासगी संस्थेने पगार आणि पद नमूद करून नेमणुकीचा देकार पाठविला, उमेदवाराने तो स्वीकारला, जुनी नोकरी सोडली आणि मग ‘चुकून गेला’ असे सांगितले, तर तो विषय दिलगिरीने मिटेलच असे नाही. संदेशातील शब्द काय होते, यावर बरेच अवलंबून राहील. शासकीय पदांची गोष्ट वेगळी आहे. निवड यादीत नाव आल्याने नेमणुकीचा निरपवाद हक्क मिळत नाही, मात्र शासनास मनमानीही करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शंकरसन दाश प्रकरणात १९९१ साली म्हटले आहे. मुळात जे पद नियमानुसार दिलेच गेले नाही, ते चुकीच्या संदेशाने मिळत नाही. परंतु त्या आठ दिवसांत गावात पेढे वाटून झालेले असतात.

खरा संदेश आणि खोटा संदेश

निष्काळजीपणाचा सर्वांत दूरगामी परिणाम आणखी निराळाच आहे. नोकरीचे आमिष दाखवून अनामत रक्कम, गणवेशाचे पैसे किंवा प्रशिक्षण शुल्क मागणाऱ्या टोळ्यांचे संदेश ग्रामीण भागात सर्रास येतात. ते ओळखावेत कसे, हे तरुणांस सांगताना आपण म्हणतो की, अशुद्ध भाषा, नावाची चूक, अपुरा पत्ता आणि खासगी ई-मेल ही लबाडाची लक्षणे आहेत. पण खऱ्या कार्यालयाच्या खऱ्या संदेशातही हीच लक्षणे असली, तर उमेदवाराने काय करावे? सावध उमेदवार खरा संदेशही खोटा समजून सोडून देतो आणि संधी गमावतो. भोळा उमेदवार अशा चुकांना सरावतो आणि लबाडाच्या जाळ्यात सापडतो.

म्हणून कार्यालयाने शक्य तेथे शासकीय ‘जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावरूनच पत्रव्यवहार करावा आणि तीच माहिती त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, म्हणजे ताडून पाहता येते. घाऊक एसएमएस पाठविणाऱ्या संस्थांनी आपले शीर्षक आणि मसुदे नोंदवावेत, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. त्यामुळे दहा अंकी खासगी क्रमांकावरून आलेले ‘शासकीय निवडपत्र’ संशयास्पदच समजावे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदविता येते, आणि जितक्या लवकर ती होईल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता अधिक असते.

शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या गावात एक गोष्ट आवर्जून पाहावी. अनेक उमेदवारांचे अर्ज सेवा केंद्रचालक भरून देतो आणि सोय म्हणून स्वतःचाच ई-मेल पत्ता लिहितो. दहा जणांची मुलाखतपत्रे एकाच पेटीत येऊन पडतात आणि तो बाहेरगावी गेला की कोणासच काही कळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे अर्जात दिलेल्या पत्त्यावर संदेश दाखल झाला की तो सर्वसाधारणपणे मिळाला असेच धरले जाते, वाचला नाही ही सबब चालत नाही. दहावीच्या वर्गातच प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा ई-मेल पत्ता तयार करून त्याचा संकेतशब्द त्यास पाठ करावयास लावणे, आणि नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यातही नजर टाकावयास शिकविणे, हे एका तासाचे काम आहे.

दुरुस्तीचा संदेश

सर्व दक्षता घेऊनही चूक होईल. अशा वेळी दुरुस्ती कशी करावी, याचाही विचार हवा, कारण पुष्कळदा दुरुस्तीचा संदेश मूळ चुकीपेक्षा अधिक घोटाळा करतो. ई-मेल परत बोलाविण्याची सोय असते असे काहींना वाटते. ती सामान्यतः एकाच संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थेत चालते, बाहेरच्या उमेदवाराच्या पेटीतून पत्र परत येत नाही. मग कर्मचारी योग्य तारखेचा नवा संदेश पाठवितो, पण आधीचा रद्द झाला असे त्यात लिहीत नाही. उमेदवाराजवळ दोन संदेश, दोन तारखा. दुरुस्तीच्या पहिल्याच ओळीत ‘दि. अमुक रोजी पाठविलेला संदेश रद्द समजावा’ असे लिहून मग नवी माहिती पूर्णपणे पुन्हा द्यावी, केवळ बदललेला शब्द देऊ नये. ज्यांना पहिला संदेश गेला त्या प्रत्येकास, आणि त्याच मार्गाने, हा संदेश गेला पाहिजे. मुलाखत दोन दिवसांवर आली असेल तर दूरच्या जिल्ह्यांतील उमेदवारांस प्रत्यक्ष दूरध्वनी करावा. तीनशे दूरध्वनी म्हणजे चार कर्मचाऱ्यांचे एका दिवसाचे काम होय.

मूळ संदेश पाठविण्यापूर्वी करावयाची तपासणीही याहून अवघड नाही. पहिले पाच संदेश कार्यालयातीलच पाच जणांस पाठवावेत. त्यांपैकी एक जण तरी असा असावा, ज्याचा त्या भरतीशी संबंध नाही. त्याने फोनवर तो वाचून कोठे जावयाचे, केव्हा जावयाचे आणि सोबत काय न्यावयाचे हे तोंडी सांगावे. त्यास सांगता आले नाही, तर मसुदा परत लिहावा. नंतर यादीच्या आरंभीची, मधली आणि शेवटची नावे मूळ अर्जांशी ताडावीत, कारण रकाना सरकलेला असल्यास तो शेवटी हमखास दिसतो.

आणि प्रत्येक संदेशात विचारणेसाठी एक दूरध्वनी क्रमांक असावा. सध्याच्या संदेशांत ‘या पत्त्यावर उत्तर पाठवू नये’ अशी सूचना ठळकपणे असते आणि विचारणा कोठे करावी, हे नसते. क्रमांक दिला असला तरी तो कार्यालयीन वेळेपुरताच उचलला जातो. लांबच्या उमेदवाराची गाडी मात्र संध्याकाळी सुटते आणि शंका त्यास स्थानकावर उभे असताना येते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी रात्री दहापर्यंत आणि त्या दिवशी सकाळी सहापासून तो दूरध्वनी घेण्यासाठी एका कर्मचाऱ्याची नेमणूक करावी आणि मुलाखतीच्या आदेशातच त्याचे नाव घालावे.